कुणाच्याच हाताचं नसलेलं पाणी

“पोरीला वाचता येतं ते कळलं. बोलता येतं की नाही?” कांबळे मिस्त्रींनी बाबांना विचारलं. मला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं होतं, पण विहिरीच्या काठावर बसून बोललं की आवाज आत उतरतो आणि घुमून वर येतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बाबा नुसते हसले. मी पंपाच्या ओट्यावर बसून मांडीवरची पुस्तिका वाचत होते. वाचत होते म्हणजे मान खाली घालून बसले होते. पुस्तिका इंग्रजीत होती, पंपाबरोबर आलेली, ओल लागून फुगलेली. तिच्या मधल्या पानावर पंपाचं सगळं पोट उघडून दाखवलेलं चित्र होतं. प्रत्येक भाग दुसऱ्यापासून सुटा, हवेत तरंगणारा, आणि त्याच्या शेजारी आकडा. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं. मी ‘इम्पेलर’ म्हणायचे आणि कांबळे मिस्त्री म्हणायचे, “म्हणजे पंखा.” मी ‘फूट व्हॉल्व्ह’ म्हणायचे, ते म्हणायचे, “फुटबॉल, फुटबॉल.” मला शब्द येत होते आणि वस्तू माहीत नव्हत्या. त्यांना वस्तू माहीत होत्या, तरी तोवर त्यांचे दोन चुकीचे भाग बदलून झाले होते.

आमचं घर दहिसरला होतं, नदीच्या अलीकडे. बैठं, कौलारू, मागे विहीर आणि दोन माड. दुपारी लांबच्या खाणीत सुरुंग उडायचे आणि मांडणीवरची भांडी हलकेच एकमेकांना लागायची. आई त्या आवाजावर घड्याळ लावायची. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती, वर्सोव्याची, कोळ्यांच्या घरातली. बाबा कोकणातले, कर्मठ घरातले. ते दोघे कसे भेटले हे आमच्या घरात कुणी कधी सांगितलं नाही. जे सांगितलं जात नाही ते विचारायचं नाही, हे मी फार लवकर शिकले. घरात दोन चुली होत्या. पुढच्या पडवीत आईचा स्टोव्ह, त्यावर रविवारी बोंबलाचं कालवण, एरवी घाईची भाजी-पोळी. मागच्या खोलीत अक्काआत्याची शेगडी, त्यावर पेज, कुळथाचं पिठलं, अळू. दोन्ही वास मधल्या खोलीत एकत्र यायचे आणि तिथे मी अभ्यासाला बसायचे.

अक्काआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लगेचच विधवा होऊन माहेरी परत आली आणि आई नसलेल्या आपल्या लहान भावाला तिनेच वाढवलं. त्या भावाने असं लग्न केल्यावर ती गावीच राहिली. मग गावचं घर वाटण्यांमध्ये गेलं आणि ती आमच्याकडे आली, एक ट्रंक आणि एक तांब्याचा लोटा घेऊन. तिने येतानाच अट सांगितली होती: मी तुमच्यात राहीन, पण पाणी माझं मी घेईन. आईच्या हातचं पाणी तिला चालत नव्हतं. बाबा आईच्या हातचं जेवतात म्हणून बाबांच्या हातचं नाही. आणि मी तर आईचीच. महापालिकेचा नळ बाहेर होता, पण नळात चामड्याचे वॉशर असतात हे तिने तिच्या वडिलांकडून ऐकलेलं होतं, आणि ते तिने कधी सोडलं नाही. ती स्वतः रहाटाने पाणी शेंदायची, त्याने आंघोळ, त्याने देवपूजा, मग त्याच पाण्यात शिजवलेलं अन्न. पाणी नसेल तर आंघोळ नाही, आंघोळ नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर जेवण नाही. हे सगळं ती आवाज न चढवता करायची. तिच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता. असता तर आम्हाला सोपं गेलं असतं.

लहानपणी तिला एकदा ताप आला होता तेव्हा मी पेल्यात पाणी घेऊन गेले. ती म्हणाली, “ठेव हो तिथे, बाळा.” मी ठेवलं. नंतर ती उठली, पेला पदराने धरला आणि तुळशीला ओतून आली. तुळशीला माझ्या हातचं चालायचं. तिने मला कधीच दूर लोटलं नाही. केस विंचरायची, तिळाचे लाडू भरवायची, आणि मग आंघोळ करायची. ती मला देत असे, माझ्याकडून घेत नसे. शाळेत मला सिस्टर विचारायच्या, तू बोलत का नाहीस. मी काय सांगणार होते? आता या वयात मला वाटतं, माझ्या गप्प राहण्याला काही फार खोल कारण नव्हतं. आपण पुढे केलेली वस्तू घेतली जाईल की नाही याची खात्री नसलेलं मूल हात मागे ठेवतं, तसंच ते होतं.

मग तिची कंबर गेली. रहाट ओढवेना. तेव्हा बाबांनी जेट पंप आणला. मोटर विहिरीच्या काठावर, दोन पाइप खाली पाण्यात, आणि मागच्या खोलीच्या दाराशी एक तोटी. अक्काआत्याने खूप विचार केला. माणसाच्या हाताला विटाळ असतो, यंत्राला नसतो, या निष्कर्षाला ती स्वतःच आली. फक्त एक विचारलं, “वसंता, ह्यात चामडं कुठे नाही ना?” बाबांनी तुळशीवर हात ठेवून सांगितलं, “अक्का, लोखंड, पितळ आणि रबर. दुसरं काही नाही.” दुकानदाराने त्यांना तसंच सांगितलं होतं. आई स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाली, “बरंय बाई यंत्राचं. त्याला जात नसते.” त्या दिवसापासून सकाळी अक्काआत्या बटण दाबायची, मोटर घरघरायची, पाणी दारात यायचं. कुणाच्याच हाताचं नसलेलं पाणी. आमच्या घरात शांतता अशी जी होती, ती त्या तोटीने आणली होती.

तो पंप ऐन उन्हाळ्यात बिघडला. मोटर नेहमीसारखी चालायची, पण तोटीतून नुसती हवा. कांबळे मिस्त्री अंधेरीच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि पाळी नसेल त्या वेळात पंपांची कामं करायचे. ते मूळचे साताऱ्याकडचे, चेकनाक्याजवळ राहायचे, घरात बुद्धाची तसबीर होती हे बाबा त्यांच्याकडे गेले तेव्हा बघून आले होते. अक्काआत्यासमोर बाबांनी त्यांचं आडनाव कधी घेतलं नाही, नुसतं ‘मिस्त्री’. कांबळ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. एकदा चहाचा कप खाली ठेवताना ते मला म्हणाले, “मॅडम, तुमच्या त्या पुस्तकात माझं नाव पण नाही ना? मग बरोबर आहे.” आणि स्वतःच हसले.

पहिल्यांदा त्यांनी सील बदललं. मोटर आणि पंप यांच्यामधून हवा ओढतोय, त्यांचं म्हणणं. पाणी आलं नाही. मग पंखा काढला, पितळेचा, कडा झिजलेल्या. तो बदलला. पाणी आलं नाही. प्रत्येक वेळी पंपाच्या डोक्यावरचं बूच उघडून त्यात बादलीने पाणी ओतावं लागायचं. पंप आधी भरलेला असेल तरच तो पाणी ओढतो. बाबा ओतायचे, आणि ते पाणी पाइपातून गुडगुडत खाली निघून जायचं. मी चित्रात बघत होते. ओतलेलं पाणी जर थांबत नसेल तर खालचं कुठलं तरी दार उघडं आहे, हे मला दिसत होतं. पाइपच्या अगदी टोकाला, विहिरीच्या तळाशी, ती झडप दाखवली होती. पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. मी त्या आकड्यावर बोट ठेवून बसले होते. कुणीतरी माझ्या बोटाकडे बघेल, असं मला वाटत होतं. शेवटी कांबळे स्वतःच म्हणाले, “साहेब, फुटबॉल बघायला लागणार. पाइप वर घ्यायला लागणार सगळे.” आणि मी पुस्तिका मिटली.

तोवर अक्काआत्या शहाळ्यांवर होती. शहाळ्याच्या आतल्या पाण्याला कुणाचा हात लागलेला नसतो. ती विळ्याने स्वतः तोंड उडवायची, कधी विळा नीट बसायचा नाही आणि पाणी हातावरून कोपरापर्यंत ओघळायचं. आंघोळ नव्हती, म्हणून पूजा नव्हती. देव तिने कापडात बांधून ठेवले होते. एक-दोन केळी खायची, ती सोलून. तिचे ओठ फुटले होते. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, पाणी हवं, भरपूर पाणी हवं, नुसत्या शहाळ्यांनी भागणार नाही, या वयात मूत्रपिंडं हा ताण सोसत नाहीत. बाबा तिच्या पायाशी बसून म्हणाले, “अक्का, नळाचं घे. औषध म्हणून घे.” ती म्हणाली, “तू तुझं काम कर रे. पंप दुरुस्त कर. मी कुठे पळून चालले आहे.”

पाइप वर काढायला दोन माणसं आणखी आणली. एकेक लांबी वर यायची, शेवाळाने हिरवी, आणि अंगणात आडवी व्हायची. शेवटी जेट आला, दोन पाइपांना जोडणारा लोखंडी तुकडा, आणि त्याच्याखाली जाळी लावलेला फुटबॉल. कांबळ्यांनी जाळी काढली, पान्याने झडप उघडली आणि आतली गोल चकती माझ्या हातात दिली, “हे बघा, मॅडम, चित्राशी लावून.” ती काळी, बुळबुळीत होती, एका बाजूने फाटलेली. मी नाकाजवळ नेली. शाळेत असताना पावसात भिजलेले बूट स्टोव्हजवळ वाळत ठेवायचो, त्यांचा वास. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि अंगठ्याने दाबली.

“चामडं कुजलंय,” कांबळे म्हणाले. “एवढंच आहे. नवीन कापून टाकतो, झालं काम.”

“हळू बोला,” बाबा म्हणाले. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. “रबर टाका.”

“रबर? ह्या मॉडेलला रबर येत नाही, साहेब. जुना फुटबॉल आहे. नवीन फुटबॉल रबरचा मिळेल, पण त्याचे आटे तुमच्या जेटला बसायचे नाहीत.”

“तरी रबरच टाका.”

कांबळ्यांनी एकदा बाबांकडे बघितलं, एकदा दाराकडे. “अच्छा,” ते म्हणाले. मग अगदी शांतपणे, “विहिरीत माझा हात गेलेला चालतो. चामडं चालत नाही.” बाबांनी मान खाली घातली. त्या उन्हात त्यांच्या मानेवर घाम चमकत होता आणि ते एकदम म्हातारे दिसत होते. मला त्यांची दया आली आणि दया आली म्हणून राग आला. हे मी आज लिहू शकते, तेव्हा माझ्याकडे त्याला नाव नव्हतं.

मग रबराचे प्रयोग झाले. ट्रकच्या ट्यूबचं रबर कापून लावलं. पाइप परत खाली गेले, पाणी ओतलं, ते थांबलं, मोटर लावली, तोटीला दोन उसासे आले, थोडं गढूळ पाणी आलं आणि बंद पडलं. रबर वाकून झडपेत अडकलं होतं. पाइप परत वर. मग बाबांनी जाड रबर हवं म्हणून स्वतःच्या स्लिपरचा तळ कापला. ते खाली बसून ब्लेडने गोल कापत होते आणि आई ड्यूटीवरून येऊन पर्स खांद्याला तशीच लटकवून उभी होती.

“काय चाललंय?”

“झडप.”

आईने एका पायात चप्पल नसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. “म्हणजे चामडं नको,” ती म्हणाली, “आणि पायातली चप्पल चालते.” ती हसायला लागली, आणि हसता हसता थांबली, कारण बाबा हसले नव्हते. मग तिने पर्स ठेवली आणि त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. “वसंत, त्यांना सांगून टाक. खरं ते सांग.”

“सांगू काय? इतकी वर्षं ती चामड्यातून आलेलं पाणी देवाला घालत होती, हे सांगू? प्यायली, हे सांगू? मी तुळशीवर हात ठेवला होता.”

आईच्या हातचं पाणी त्या बाईने कधी घेतलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हरकत नव्हती. पण ती तिथेच बसून राहिली, आणि स्लिपरचा तुकडा बाबांना धरून दिला.

स्लिपरनेही भागलं नाही. तळ फुगला आणि झडपेला चिकटून बसला. तोवर डॉक्टर परत येऊन गेले होते आणि म्हणाले होते की हॉस्पिटलात न्यावं लागेल, तिथे नळीने पाणी देतील. अक्काआत्या म्हणाली, हॉस्पिटलात ती जाणार नाही, तिथल्या बाटलीतलं पाणी कुठलं कुणाला माहीत. त्या दुपारी बाबा चेकनाक्यावर गेले आणि कांबळ्यांना म्हणाले, चामडं टाका. मला हे कांबळ्यांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, पाइप जोडताना. त्यांनी अंधेरीहून चांगलं जाड चामडं कापून तेलात भिजवून आणलं होतं. “तुमचे वडील रडले,” ते म्हणाले. “मला म्हणाले, घरात कुणाला कळायला नको. तुम्हाला कळलं तरी काय, तुम्ही तर बोलतच नाही.” त्यांनी चकती माझ्याकडे दिली. तेलाने ती मऊ, पिवळट झाली होती. मी ती झडपेत बसवताना धरून ठेवली आणि त्यांनी स्क्रू आवळला. काम नीट झालं. मला त्या कामाची चित्रासकट माहिती झाली होती. आजही कुणी मध्येच विचारलं तर मी जेट पंपाचे सगळे भाग क्रमाने सांगू शकेन, इंग्रजीत आणि कांबळ्यांच्या भाषेत.

त्या घराच्या जागी आता सहा मजली इमारत आहे आणि विहीर तिच्या गाड्यांच्या जागेखाली कुठेतरी आहे. अक्काआत्या त्या पावसाळ्याच्या आधीच गावी निघून गेली, एका दूरच्या पुतण्याच्या पडवीत राहिली आणि तिथेच संपली. तिथे तिला पाणी कोण काढून द्यायचं, तिने ते घेतलं का, हे मी कधी विचारलं नाही. बाबा तिला पोचवायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी काही सांगितलं नाही आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ते माझ्याशी कामापुरतंच बोलत राहिले. आई म्हणायची, जाऊ दे, ते असेच आहेत. ते असे नव्हते.

पण त्या सकाळी पाणी आलं. बूच उघडून बाबांनी पाणी ओतलं, ते काठोकाठ उभं राहिलं, हललं नाही. कांबळ्यांनी बटण दाबलं. मोटरचा आवाज बदलला, जड झाला, आणि तोटीतून आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. बाबा तोटीकडे बघत उभे होते. आई पडवीतून येऊन दारात थांबली. अक्काआत्या भिंतीला धरून बाहेर आली, हातात लोटा. ती तोटीशी बसली, कशी बसली तेही मला बघवेना, आणि लोटा तोंडापर्यंत भरला. सगळ्यांना वाटलं आता ती पिईल. तिने लोटा मांडीवर धरला.

“वसंता, कुठला भाग गेला होता?”

“खालची झडप, अक्का.”

“नवीन काय घातलं?”

“रबर,” बाबा म्हणाले, आणि खाली पडलेली हत्यारं गोळा करायला वाकले. हत्यारं कांबळ्यांची होती. कांबळे माडाच्या झावळ्यांकडे बघत होते.

अक्काआत्याने बाबांच्या पाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे. “नीलू,” ती म्हणाली, “तू होतीस ना तिथे रोज. तुझ्या हातून गेलं सगळं. काय आहे ते तू सांग. तू सांगशील ते मी मानीन.”

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्या घरात माझं सगळं मानेवरच चालायचं. दारात उभ्या असलेल्या आईने अगदी किंचित मान हलवली, नको. बाबा वाकलेले होते ते तसेच राहिले, हातात पाना. अक्काआत्याच्या फुटलेल्या ओठाच्या कडेला रक्ताची बारीक रेघ सुकली होती, आणि लोट्यातलं पाणी अजून हलत होतं. खरं सांगितलं तर ती ते पिणार नाही, हे मला माहीत होतं. रबर म्हणून मान डोलावली तर ती पिईल, हेही माहीत होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्याकडून काहीतरी घ्यायला तयार होती, आणि तिला खोटं देणं मला जमेना. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला, विहिरीत जाऊन वर आला.

“चामडं आहे, अक्काआत्या. आधीपासून चामडंच होतं.”